चांदबीचे मोकळे हात

ती दोघं पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा मला वाटलं, नगरपरिषदेची माणसं आहेत. मुलीच्या हातात वही, मुलाच्या गळ्यात कॅमेरा. औशाच्या बाजारात माझं, जेबाचं, बांगड्यांचं दुकान आहे, आणि एवढ्या वर्षांत वही घेऊन आलेल्या कुठल्याही माणसानं माझं भलं केल्याचं मला आठवत नाही. आजकाल तर कोणी कागद काढून नाव विचारलं की मी आधी त्याचं विचारते.

"मी सृष्टी, हा अमान," मुलगी म्हणाली. "नांदेडहून आलोत, मावशी. आम्ही मोबाइलवरचे गेम बनवतो."

"मग माझ्याकडं काय काम?"

"आमच्या गेममधली बाई बांगड्या विकते. चांदबी नाव हाय तिचं. पण ती काही जमून नाही राहिली."

अमाननं मोबाइल पुढे केला. त्यात एक गोरीपान, गोड बाई खांद्यावर बांगड्यांचे गठ्ठे टाकून गावोगावचे बाजार करत होती. खेळणाऱ्यानं चांदबी व्हायचं, बायांना बांगड्या भरायच्या आणि त्यांच्या बोलण्यातून एका हरवलेल्या सुनेचा तपास लावायचा, असा तो खेळ. चांदबी सगळ्यांशी हसून बोलायची. कोणी नडलं की मदतीला धावायची. चिडणं नाही, खोटं बोलणं नाही, कोणाकडे वाकड्या नजरेनं बघणं नाही.

"लोक दहा मिनिटं खेळतात अन् काढून टाकतात," सृष्टी म्हणाली.

"बराबर हाय. असली बाई माझ्या दुकानात आली तर मी आधी गल्ल्याला कुलूप लावीन."

मुलगी हसली आणि तिनं ते वहीत लिहून घेतलं. मला नेमकं तेच खटकलं. मी बोललेलं कोणी लिहून घ्यावं असं मी काय बोलले होते?

त्यांना फक्त माझ्या हातांचं काम बघायचं होतं म्हणे. सलीम, माझा नवरा, साधा माणूस. त्याला सगळं जगच साधं वाटतं. तो म्हणाला, पोरं आहेत, बसू दे. मग बसली. अमान माझ्या हातांचे फोटो काढत राहिला आणि मी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्यावर लक्ष ठेवत राहिले.

बांगड्या भरणं म्हणजे नुसती काच सरकवणं नाही. गिऱ्हाइकाची चारी बोटं एकत्र धरायची, अंगठा तळव्यात दाबायचा आणि त्या अंगठ्याखालच्या हाडावरून काच अलगद पार करायची. बाई भ्यालेली असली की हात आखडते आणि बांगडी तडकते. म्हणून तिला बोलतं ठेवावं लागतं. बोलणारी बाई हात सैल सोडते. त्यामुळे डॉक्टरला, आईला, नवऱ्याला न सांगितलेलं पुष्कळ काही बांगडीवालीला कळतं. माझी अम्मा, बेगमबी, देवणीला दुकान चालवायची. तिनं मला पहिल्या दिवशी बजावलं होतं की हात धरलेला असताना बाई जे बोलेल ते उंबऱ्याबाहेर नेलंस तर जीभ हासडीन. अम्मा गेली, पण ती जीभ मी सांभाळून होते.

तिसऱ्या खेपेला सृष्टीनं वही मिटली आणि अगदी सहज विचारलं, "मावशी, तुमच्या हातात बांगड्या का नाहीत?"

"काम करताना मधे येतात."

हे उत्तर मी आयुष्यभर देत आले आहे आणि आयुष्यभर ते सगळ्यांना पुरलं आहे. सलीमलासुद्धा. निकाहात घातलेल्या बांगड्या मी आठ दिवसांत उतरवल्या, तेव्हा त्यालाही मी हेच सांगितलं होतं. पण ही पोरगी पुढे म्हणाली, "त्या कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मावशी तर डझनभर घालून काम करतात."

मला वाटलं, हिला कोणीतरी देवणीचं सांगितलंय. कोण सांगणार? तिथलं कोणी उरलंच नव्हतं. पण संशयाला माणूस लागतंच असं नाही. हिचं तोंड आता कशानं तरी भरलं पाहिजे, एवढंच मला कळत होतं. म्हणून मी आवाज बारीक केला आणि तिला एक गोष्ट दिली. म्हटलं, तरणी होते तेव्हा घरच्या जाचाला कंटाळून, पाळण्यातलं पोर सासूजवळ टाकून मी पिशवी घेऊन निघाले होते. स्टँडवर बसले. हैदराबादच्या चार गाड्या सोडल्या. पाचवीची वाट न बघता घरी आले. कोणाला सांगितलं नाही.

सृष्टीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती दोघं त्या दिवशी लवकर गेली.

गोष्ट माझी नव्हती. ती लक्ष्मीबाईची होती.

लक्ष्मीबाई औशाजवळच्या खेड्यातली, खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याच्या घरातली. चाळीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ती माझ्या दुकानात शिरली, हातात फुगलेली पिशवी. खाली बसली आणि म्हणाली, "कोपरापर्यंत भर." दोन्ही हात भरून होईपर्यंत तिनं मला सगळं सांगितलं. तिनं सोलापूरच्या तीन गाड्या सोडल्या होत्या. मी पिशवी फळीखाली सरकवली. दिवेलागणीला तिचा नवरा रामलिंगअप्पा लालबुंद होऊन शोधत आला, तेव्हा मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "सकाळपासून इथंच हायत की. पंचमीची गर्दी, नंबर लागायला नको?" हातातल्या ओल्या-हिरव्या बांगड्या बघून अप्पा गप्प झाला. तेव्हापासून लक्ष्मीबाईनं दुसऱ्या कोणाच्या हातून बांगडी भरली नाही. आणि मी तिच्या सोलापूरचं हैदराबाद केलं, तीनच्या चार केल्या आणि तिचं दुःख दोन परक्या पोरांना देऊन टाकलं. नांदेडच्या मोबाइलमधलं औशाला कोण बघतंय, असं मी स्वतःला समजावलं.

वर्षभरानं, पंचमी आठ दिवसांवर आलेली असताना, वर्षाराणी दुकानात आली. लक्ष्मीबाईची नात. लातूरला कॉलेजात शिकते, रविवारी गावाहून परतताना माझ्याकडे टिकल्या घेते.

"मावशी, हे बघा. आमच्या होस्टेलच्या सगळ्या पोरी हेच खेळून राहिल्यात."

चांदबी आता गोरी राहिली नव्हती. तिला माझ्यासारखीच खालच्या पापणीला सुरकुती होती. गिऱ्हाईक बोलत असताना ती मान तिरकी करून बघायची, पैसे देणाऱ्याच्या तोंडाकडे नाही तर चपलांकडे बघायची. कोणी नाव विचारलं की म्हणायची, आधी तुमचं सांगा. हे सगळं त्या अमाननं कॅमेऱ्याआडून उचललं होतं. आणि तिचे हात मोकळे होते.

"लई खडूस बाई हाय," वर्षाराणी कौतुकानं म्हणाली. "आधी मला रागच आला तिचा. तिला काही विचारलं की निम्मं खोटं सांगती. मग पुढं कळतं की ती पाळण्यातलं पोरगं टाकून निघाली होती. चार गाड्या सोडती स्टँडवर. तरीबी मला ती आवडती. का आवडती तेच कळत न्हाई."

त्या पाळण्यातलं पोरगं म्हणजे तुझा बाप आहे, हे मी तिला कसं सांगणार होते?

"आजीला दाखवलंस का गं?" मी विचारलं.

"दाखवलं की. आजीनं शेवटपर्यंत बघितलं. काहीच बोलली न्हाई. नुसती म्हणाली, शनिवारी जेबाकडं जाऊन येते."

टिकल्यांचं पाकीट माझ्या हातातून पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटी पकडून लातूर आणि लातूरहून नांदेड गाठलं. सलीमला म्हटलं, माल बघायला चालले. वजिराबादेत एका शिंप्याच्या दुकानावर त्यांची खोली होती. सृष्टी मला बघून इतकी हरखली की मला तिचा आणखी राग आला.

"ते स्टँडचं काढून टाक," मी उभ्या उभ्याच म्हटलं. "माझं न्हाई ते. दुसऱ्या बाईचं हाय. तिचा संसार हाय, नवरा जिता हाय, ल्योक पोराबाळांचा बाप झालाय. कुणाच्या कानाला लागलं तर म्हातारपणी घराबाहेर काढतील तिला."

सृष्टीचा चेहरा उतरला. तिनं अमानकडे बघितलं. अमान म्हणाला, "खाला, रविवारपर्यंत काढतो. नवीन टाकलं की जुन्याच्या जागी तेच येतं सगळ्यांच्या मोबाइलवर."

मला वाटलं होतं, भांडावं लागेल. मी कडाकडा बोटं मोडायच्या तयारीनं आले होते, आणि ही पोरं लगेच हो म्हणाली. लगेच हो म्हणणाऱ्यावर माझा मुळीच विश्वास बसत नाही.

"एवढं सोपं हाय? मग तुमची बाई पडंल की. परत दहा मिन्टांत काढून टाकतील."

"नाही पडणार," सृष्टी म्हणाली. "ती त्या स्टँडच्या जोरावर उभीच नाही, मावशी. हे बघा."

तिनं लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. कुठली कुठली माणसं होती, कोल्हापूरची, बिलोलीची, एक तर दुबईत राहणारा. एकानं लिहिलं होतं, स्टँडवर मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर ते जरा ऐकीव वाटलं. दुसरीनं लिहिलं होतं, चांदबी दुसऱ्यांचे हात भरते आणि स्वतःचे झाकते, मी तीनदा खेळले, तरी कारण सापडलं नाही, आता चौथ्यांदा खेळतेय. खाली तोच प्रश्न, पुन्हा पुन्हा. हिच्या हातात बांगड्या का नाहीत?

"तुम्ही मला उत्तर दिलं नाही," सृष्टी म्हणाली, "म्हणून मीही लिहिलं नाही. जागा रिकामी ठेवली. चांगली होती तेव्हा लोकांना तिच्याबद्दल काहीच विचारावंसं वाटत नव्हतं. आता ती काहीतरी लपवते, अन् जे लपवते त्यानं तिला रोज त्रास होतो, एवढं दिसतं. लोक तिच्यासाठी थांबतात ते तेवढ्यासाठी."

दुसरीचं गुपित पुढे करून मी माझं वाचवलं, असं समजत होते. आणि दुबईतला कोण कुठला माणूस माझ्याच मनगटाकडे बघत बसला होता. मला भरबाजारात डोक्यावरची ओढणी खेचल्यासारखं झालं. परतीच्या गाडीत मी त्या पोरीला मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या.

पण शनिवार रविवारच्या आधी येतो. चार दिवस मी प्रत्येक आवाजाला दचकत होते. सलीमचा फोन वाजला की वाटायचं, अप्पाचा असेल. बाजारात दोन बाया कुजबुजल्या की वाटायचं, त्यांनी खेळ बघितलाय. एका गिऱ्हाइकाला मी चक्क विचारलं की तुमच्या घरी मोबाइलवर कोण काय खेळतं. ती पुन्हा आली नाही.

शनिवारी भर दुपारी लक्ष्मीबाई आली. एकटीच. पायरीवर चपला काढल्या, बसली, पदर सारखा केला.

"या, अक्का," मी म्हटलं.

"हिरव्या दाखव. काचेच्या."

तिनं डावा हात पुढे केला. हा हात मला पाठ आहे. अडीचच्या मापाचा, अंगठ्याखालचं हाड कडक, साबणाशिवाय काच कधी गेली नाही. मी साबण लावला. एकेक बांगडी चढवत गेले. तिचा डावा हात भरून झाला, तरी ती बोलेना. मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते. तिनं उजवा हात दिला. दोन बांगड्या चढल्या आणि ती म्हणाली, "वर्षाराणीनं त्यो खेळ दाखवला."

"हाव?"

"ती बाई तू हायस."

मी तिसरी बांगडी उचलली.

"मोकळे हात बघितले अन् लगेच वळखलं मी. पुढं स्टँड आला. मग मला बघवंना गं."

"अक्का, ऐका..."

"बोलू दे मला. चाळीस वर्सं मला वाटत आलं, पोटचं पोर टाकून निघालेली अख्ख्या मुलखात मीच एकली. ल्योक समोर जेवायला बसला की त्याच्या तोंडाकडं बघायची लाज वाटायची. त्या दिशी तू मला काहीबी इचारलं न्हाईस. पिशवी ठिवून घेतलीस. मला वाटायचं, हिच्या मनात माझ्याबद्दल काय आसंल? अन् तू सोता तेच सोसून बसली होतीस." तिनं डोळे पुसले आणि हसली. "मी तीन गाड्या सोडल्या, तू चार."

बोलता बोलता तिचा हात सैल पडला. इतका सैल की तिसरी बांगडी साबणाशिवाय हाडावरून उतरली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

आता मला फक्त गप्प बसायचं होतं. तिचं ओझं उतरलं होतं, मी सुटले होते, उद्या तो स्टँडही जाणार होता. कोणाचं काही बिघडत नव्हतं. मी चौथी बांगडी घेतली. तिच्या मनगटावर काच चढत होती, कातडी झाकली जात होती. मी हे आधी एकदा केलं होतं. अस्संच, कोणाचं तरी दुखणं बघून वरून बांगड्या चढवल्या होत्या.

"अक्का, मी कुठल्याच स्टँडवर बसले न्हाई," मी म्हणाले. "ते तुमचंच हाय. मी त्या पोरांना माझं म्हणून सांगितलं."

तिचा हात तिथल्या तिथे आखडला. हाडावर अडकलेली बांगडी वाढली. आम्ही धंद्यातल्या बाया फुटली म्हणत नाही. काच तिच्या अंगठ्याला लागली, रक्ताचा थेंब आला. तिनं तो पुसलासुद्धा नाही.

"का?"

"त्या पोरीनं माझ्या हाताबद्दल इचारलं. मला ते सांगायचं न्हवतं. तोंडात पहिलं आलं ते तुमचं आलं."

"म्हंजी तुझं झाकायला माझं उघडं केलंस."

"हाव. उद्या काढणार हायत ते. मी नांदेडला जाऊन सांगून आले."

लक्ष्मीबाई रस्त्याकडे बघत राहिली. एक हात भरलेला, दुसरा अर्धा. अर्ध्या हातानं बाईनं उठू नये, असं अम्मा म्हणायची. पण त्या घटकेला मला वाटत होतं, हिनं उठावं, दोन शिव्या द्याव्यात आणि जावं. चाळीस वर्षांचं नातं मी माझ्या हातानं घालवलं होतं, आणि त्याचं मला इतकं वाईट वाटत होतं की तिच्याकडे मान वर करून बघवेना.

"भर," ती म्हणाली.

मी साबण लावून उरलेल्या भरल्या. रिवाजाप्रमाणे एक जास्तीची घातली. बांगड्या भरून झाल्या की बाया आम्हाला हात जोडतात. लक्ष्मीबाईनं कधी चुकवलं नव्हतं. त्या दिवशी तिनं हात जोडले नाहीत. तिनं माझा उघडा हात धरला. मी जसा गिऱ्हाइकाचा धरते तसा, चारी बोटं एकत्र करून, अंगठा दाबून.

"माझं देऊन टाकलंस न्हवं? आता तुझं दे. त्याबिगर हात सोडत न्हाई मी."

मी हिसडा दिला. तिनं सोडला नाही. शेतात राबलेला हात तो.

"गौरम्मा," मी म्हणाले. पंचेचाळीस वर्षांत हे नाव मी तोंडातून काढलं नव्हतं. "देवणीला. अम्मा जेवायला गेली होती, दुकानात मी एकली. एकोणीस वर्सांची होते. सासू नव्या सुनेला घेऊन आली. कर्नाटकातली पोरगी, मराठी धड येत न्हवतं. मनगटावर काळे वळ हुते, दोरीचे. मी हात धरला तर तिनं माझं बोट दाबलं. सासू बघत न्हाई असं बघून परत दाबलं. तीनदा दाबलं, अक्का. मला कळलं हुतं. सासू म्हणाली, दाट भर, मनगट दिसू नये. मी दोन डझन जास्त भरल्या. वळ झाकले. सासूनं खूश होऊन वर दहा रुपये दिले, ते मी घेतले."

"मग?"

"पंधरा दिवसांनी तिला विहिरीतून काढली. बघून आलेल्या बाया म्हणत हुत्या, बांगड्या तशाच हायत हातात. पोरीनं काय सुंदर भरल्या हुत्या म्हणून माझं कौतुक केलं त्यांनी."

बाजारात भाजीवाले ओरडत होते. एक गिऱ्हाईक पायरीवर आलं आणि आम्हा दोघींकडे बघून परत गेलं. लक्ष्मीबाई माफी देईल की थुंकेल, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळेना. आयुष्यभर लोकांचे चेहरे वाचून संशय घेत आले, आणि हा एक मला वाचता आला नाही. तिची पकड मात्र ढिली झाली नव्हती.

मग तिनं विचारलं, "केवढ्या मापाचा हात हुता गं तिचा?"

"सव्वादोनचा," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं.